पाण्याच्या टाकीवरचा बीथोव्हेन

लग्न ठरलं तेव्हा मला एवढंच सांगितलं होतं की मुलगा मिलिटरीत आहे. उंच, रुंद खांद्याचा, मिशी राखलेला. मी मनातल्या मनात त्याच्या हातात रायफल देऊन मोकळी झाले होते. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांची पेटी आवरायला घेतली, तर आत निळ्या मखमलीत एक काळी पिपाणी. तीही अख्खी नाही, तुकडे तुकडे करून ठेवलेली.

"ह्ये काय वं?" मी विचारलं.

"क्लॅरिनेट."

"आन बंदूक?"

"बंदूक बी चालवता येती. पर माझं काम ह्ये." त्यांनी ते तुकडे एकात एक बसवले आणि माझ्याकडं अशा कौतुकानं बघितलं, जणू काही मला आनंदच होणार होता.

मी पलंगावर मटकन बसले. माझ्या भावानं माहेरच्या अख्ख्या आळीत सांगून ठेवलं होतं, दाजी बॉर्डरवर असतात म्हणून. आता काय सांगायचं, दाजी बॉर्डरवर पिपाणी वाजवतात?

तर हे आमचे मालक, अर्जुना फडतरे. आमचं कारंडेवाडी गाव साताऱ्यापासून एस्टीनं तासाभराच्या वाटेवर. घरटी एक माणूस फौजेत, आणि ज्या घरात तो नाही त्या घराकडं सोयरीक न्यायला लोक जरा विचार करतात. हेही इतर पोरांसारखेच भरतीला गेले होते. तिथं बँडच्या उस्तादानं यांचे ओठ बघितले, दात बघितले, बैल घेताना बघतात तसे, आणि म्हणाला, हा मला द्या. झालं. गावाला कळलं तेव्हा माझ्या सासूबाई म्हणे दोन दिवस पाण्यावर गेल्या नव्हत्या. लढाई लागली की हेच बँडवाले स्ट्रेचर घेऊन जखमी उचलायला पुढं जातात, हे त्या बिचारीला कुणी सांगितलंच नाही. मलाही यांनी ते कितीतरी वर्षांनी सांगितलं. हा माणूस तोंडानं काही सांगेल तर शपथ. फुंकायला सांगा, तासभर फुंकतील.

मी अंगणवाडीत शिकवते, बडबड हा माझा धंदाच आहे. त्यामुळं आमच्या घरात बोलायचं काम माझं आणि गप्प बसायचं त्यांचं. आमचा वीरधवल मोठा झाला आणि तोही भरती झाला. त्याचे ओठ कुणी बघितले नाहीत. तो सरळ इन्फंट्रीत गेला आणि आता वर, बर्फाकडं कुठं तरी असतो. कुठं ते सांगत नाही.

पेन्शन घेऊन मालक घरी आले त्याच आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी ओट्यावर बसून त्यांनी क्लॅरिनेट जोडली आणि सावकाश एक सूर लावला. लांबलचक, खालचा. मी आत भाकरी थापत होते. बाहेर पावलं वाजली म्हणून आले तर अर्धी आळी दारात. शेजारची दीपमाला कडेवर लेकरू घेऊन, पदर तोंडाला लावून उभी. तिचा नवरा कृष्णात आमच्या वीरूच्याच वयाचा, तोही फौजेत.

"ताई, कोण गेलं?" तिनं विचारलं.

कोण जाणार? कुणीच गेलं नव्हतं. पण तिचा तरी काय दोष. लग्नात आता डीजे लावतात, वरातीत डीजे, बारशातही डीजे. मिलिटरीचा बँड आमच्या गावानं एकदाच ऐकला होता, शालूबाईंच्या जयराजच्या वेळी. त्यांचा एकुलता एक पोरगा तिरंग्यात गुंडाळून आला, तेव्हा रेजिमेंटच्या सेंटरवरून बँड आला होता. ढोलावर काळं कापड घातलेलं. वेशीपासून शाळेच्या मैदानापर्यंत ते एकेक पाऊल थांबत थांबत टाकत गेले. त्या बँडात आमचे मालकही होते, तेव्हा नोकरीतच होते ते. स्वतःच्या गावात आले, वाजवलं, आणि घरी घोटभर पाणीसुद्धा न पिता बाकीच्यांबरोबर ट्रकमध्ये बसून निघून गेले. तेव्हापासून तो आवाज म्हणजे मरण, असं गावाच्या कानात बसलेलं.

त्या संध्याकाळी लोक माघारी गेल्यावर मालक बराच वेळ ती क्लॅरिनेट पुसत बसले. मग म्हणाले, "आगं, गावाला वाटतंय बँड म्हंजे मढं. मी जन्मभर मढ्यापुढंच वाजवलं व्हय गं?"

मला त्यांचं इतकं वाईट वाटलं की काही टोमणासुद्धा सुचला नाही.

दुसऱ्या दिवशी ते सरपंचाकडं गेले, नाथाजीकडं. पंचायतीचा भोंगा मागितला. तो वर पाण्याच्या टाकीवर बसवलेला आहे. पाणी कधी सुटणार, रेशन कधी येणार, गावात कोण वारलं आणि माती किती वाजता, सगळं त्याच्यावर सांगतात. "रविवारी सकाळी अर्धा तास," हे म्हणाले. "जगातलं चांगलं संगीत गावाला ऐकवतो. वाद्यं काय, ती लिहिणारी माणसं कोण, समदं सांगतो." नाथाजी यांच्याबरोबर शाळेत होता. त्यानं हसून पंचायतीतल्या माईकच्या खोलीची किल्ली दिली. त्याला वाटलं, बँडमास्तर दोन रविवारी कंटाळतील.

कुठले कंटाळताहेत. "नमस्कार मंडळी, अर्जुना फडतरे बोलतोय," असं म्हणून सुरू व्हायचे, आणि जो माणूस माझ्याशी दिवसात दहा शब्द बोलत नाही तो टाकीवरून अख्ख्या गावाशी अर्धा तास बोलायचा. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण ऐकायची मी. सगळेच ऐकायचे, आणि दर रविवारी गाव गार पडायचं.

पहिल्याच रविवारी त्यांनी सांगितलं की तिकडं ऑर्केस्ट्रात ऐंशी-नव्वद माणसं एकदम वाजवतात. निम्मी तर व्हायोलिनवालीच. आणि सगळ्यांच्या पुढं एक माणूस काठी घेऊन उभा राहतो, तो काहीच वाजवत नाही. पारावर बसलेल्या नाथाजीला हे सहन होईना. तो उठून पंचायतीत गेला. भोंग्यावर त्याचा आवाज आला, "आन मास्तर, त्या काठीवाल्याला पगार?"

"समद्यात जास्त," मालक म्हणाले.

आठवडाभर गावात दुसरा विषय नव्हता.

मग बाख आला. हा एक जर्मन माणूस, देवळात बाजा वाजवायचा, खोलीएवढा मोठा बाजा, हातानंही आणि पायानंही. त्याची कितीतरी चालींची बाडं अजून लोक वाजवतात. आणि त्याला वीस मुलं झाली. नळावर बायकांच्या हातातल्या कळश्या तशाच राहिल्या. पहिली बायको वारली, मग दुसरी केली, हे ऐकल्यावर शालूबाई एवढंच म्हणाल्या, "वारंल न्हाई तर काय." वीस पोरांच्या घरात त्यानं लिहिलं कधी हे मात्र मला आजतागायत कळलेलं नाही. आमच्या घरात एकच पोर होतं, तर मला वाण्याची यादी लिहायला फुरसत मिळत नव्हती.

मोझार्ट म्हणे पाचव्या वर्षी स्वतः चाली बांधायचा. माझ्या अंगणवाडीत पाच वर्षांची पोरं नाक पुसून घ्यायला माझ्याकडं येतात. मी दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडं बघतच राहिले.

पण खरा हादरा दिला तो बीथोव्हेननं. मालकांनी त्याची एक चाल लावली, सगळ्यांना आवडली. ती संपल्यावर त्यांनी सांगितलं की ही लिहिली तेव्हा हा माणूस ठार बहिरा होता. कुणी विश्वास ठेवीना. थापा म्हणाले. तेव्हा मालकांनी सांगितलं, "त्याची एक सिम्फनी पहिल्यांदा वाजली तवा ह्यो लोकांकडं पाठ करून वाजवणाऱ्यांच्या म्होरं उभा हुता. संपल्यावर मागं लोक उभं राहून टाळ्या वाजवाय लागलं. ह्येला ठावंच न्हाई. मग एका बाईनं खांद्याला धरून त्येला मागं वळवलं, तवा त्येला टाळ्या दिसल्या." मी दळण निवडत होते, माझा हात थांबला. मालकांचा स्वतःचा डावा कान ढोलाशेजारी उभं राहून राहून गेलेला, हे मला माहीत होतं. गावाला नव्हतं.

हळूहळू गाव बदललं. मालक ओट्यावर क्लॅरिनेट घेऊन बसले तरी आता कुणी धावत येत नव्हतं. दीपमालाचं लेकरू त्या आवाजावर मान डोलवायचं. फक्त एक गोष्ट तशीच राहिली. मालक शालूबाईंच्या दारावरून जात नसत. पेठेत जायला तोच जवळचा रस्ता, पण हे मुद्दाम ओढ्याकडून वळसा घेत. मी एकदा विचारलं. म्हणाले, "पाय मोकळं हुत्यात."

आणि मग तो रविवार आला.

त्या दिवशी ते नेहमीसारखे आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून गेले. जाताना मला म्हणाले, "आज बीथोव्हेनच्या सिम्फनीतला दुसरा भाग लावणार हाय. लय मोठी चीज हाय. नीट ऐक." मी हूं म्हटलं आणि मागं भांडी घासायला बसले.

नऊ वाजले. भोंगा खरखरला. "नमस्कार मंडळी" आलंच नाही. बऱ्याच वेळानं एकदम खालून, जमिनीतून आल्यासारखा जड आवाज आला. मग थांबला. मग परत. कुणी तरी एकेक पाऊल थांबत थांबत टाकत होतं.

माझ्या हातातलं पातेलं पडलं. तो चालण्याचा आवाज मी ओळखत होते. ढोलावर काळं कापड घालून वेशीतून आला होता तोच.

यांचा आवाज का नाही? यांना आधी कळणार, सगळ्यात आधी. पंचायतीत फोन येतो, मिलिटरीचा माणूस येतो, आणि हे तिथंच बसलेले. आणि जे झालंय ते मला तोंडानं सांगायची यांची हिंमत नाही. म्हणून हा माणूस मला वाजवून सांगतोय. हे मला इतकं स्वच्छ दिसलं की शंका घ्यायला जागाच राहिली नाही. माझा वीरू गेला.

फोन लावला. बंद. परत लावला. बंद. मी पळत सुटले, पायात चप्पल नाही, हाताला राखेचे डाग तसेच. दारात दीपमाला उभी होती, तोंडावर रक्ताचा थेंब नाही. "ताई, कोण?" ती म्हणाली. मी पळतच राहिले. ती लेकरू घेऊन माझ्या मागं पळायला लागली. आळीतल्या ज्या ज्या घरातलं पोरगं फौजेत आहे त्या त्या घराच्या दारात बाई उभी होती, आणि प्रत्येक बाई दुसरीच्या तोंडाकडं बघून नजर चोरत होती.

पंचायतीपुढच्या मैदानात अख्खं गाव जमलं होतं. रिटायर झालेले सगळे रांगेत सावधानमध्ये उभे, टोप्या काढून हातात. नाथाजीनं मान खाली घातलेली. शालूबाई टाकीच्या खांबाला हात लावून उभ्या होत्या. मला बघून लोकांनी वाट करून दिली, आणि त्या वाट करून देण्यानंच माझा राहिलेला जीव गेला.

मी दार ढकललं. आत पंखा भणभणत होता. मालक खुर्चीत डोळे मिटून बसले होते, एक हात हवेत सावकाश वर खाली करत. मी दिसल्यावर त्यांनी डोळे उघडले. माझ्या मागं मैदान दिसलं, भरलेलं मैदान, उघड्या डोक्यांची माणसं. त्यांचा चेहरा इतका उजळला की मी तो जन्मात विसरणार नाही.

"समदं गाव आलं व्हय गं?" ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "थांब, थांब, आता ओबो येतोय, तिकडची सनई. फकस्त ह्येवढं ऐक."

"वीरू?" मी म्हटलं.

"काय वीरू?"

"वीरू गेला का?"

"कुठं गेला?"

मी दोन्ही हातांनी भोंग्याची वायर ओढून काढली. भोंगा बंद झाला. बाहेर एवढ्या माणसांत एक कावळा तेवढा ओरडत होता.

मग सगळं कळलं. ते बोलले होते. चांगली दहा मिनिटं, ही सिम्फनी बीथोव्हेननं एका शूर माणसाला मनात धरून लिहिली, मग त्याच माणसावर भडकून त्याचं नाव खोडून टाकलं, हा भाग त्यातल्या शोकाचा आहे, भिऊ नका मंडळी, कुणी गेलेलं नाही. हेसुद्धा सांगितलं होतं. माईकचं बटण बंद होतं. पंखा चालू, दार लावलेलं, डावा कान गेलेला. त्यांना पत्ताच लागला नाही.

मी त्यांना काय काय बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही. मैदानात दीपमाला जमिनीवर बसून रडत होती आणि लेकरू तिला बघून रडत होतं. नाथाजी पायरीवर आला. रागानं त्याचा आवाज फाटत होता. "गड्या, ह्यो काय खेळ हाय व्हय? आमची पोरं तिकडं हायत. किल्ली टाक. आजपासनं ह्ये बंद." मागून कुणी तरी ओरडलं, "पिपाणी बी मोडून टाका." मालकांनी किल्ली खिशातून काढून नाथाजीच्या हातावर ठेवली. बोलायचा माणूसच नव्हे तो. त्यांच्या चेहऱ्यावरून सगळं पुसून गेलं होतं. गावाच्या कानातलं मरण काढायला निघालेल्या माणसानं ते परत, आणि घट्ट, बसवून ठेवलं होतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. वीरू. "आई, ड्यूटीवर होतो, एवढे कॉल का केलेस?" मी त्याला अशा शिव्या घातल्या की शेवटी तोच मला म्हणाला, आई, तुझी तब्येत बरी आहे ना.

मी फोन ठेवला तेव्हा शालूबाई टाकीपासून चालत येत होत्या. लोक बाजूला झाले. मालक भिंतीला टेकून उभे होते, ते आणखी मागं सरकले, पण मागं भिंतच होती.

"आर्जुना," शालूबाई म्हणाल्या, "माझ्या जयराजच्या टायमाला बँड लय भारी वाजला म्हणत्यात समदी. मला एक सूर बी ऐकाय आला न्हाई बघ. तू त्या बहिऱ्या बाबाचं सांगितलं हुतंस ना, तसं झालं हुतं माझं. गाल फुगल्यालं दिसत हुतं, ढोलावर हात पडताना दिसत हुता. आवाज न्हवता."

मालकांचे ओठ हलले. "काकी, मी हुतो त्यात."

"ठावं हाय मला. मी तुझ्याच हाताकडं बघत हुते. बोटं थरथरत हुती तुझी. माझ्या पोरासाठी कुणाची तरी बोटं थरथरत्यात, ह्येवढंच मला त्या दिसाचं आठवतंय. आन तू माझ्या दारावरनं जात न्हाईस."

मला वळशाचा अर्थ तेव्हा लागला. मालक लहान पोरासारखे मान खाली घालून उभे होते.

"त्ये मला ऐकायचं हाय," शालूबाई म्हणाल्या. "तवा वाजवल्यालं."

"आज लावल्यालं येगळं हाय काकी. तवाची चाल दुसरी हुती."

"मग ती वाजव. ह्या डब्यातली नगं. तू वाजव."

"माझं एकट्याचं अर्धंच हाय त्यात. वरची चाल कॉर्नेटवाल्याची. माझं खालनं नुसतं धरून ठेवायचं काम."

"तुझं अर्धं वाजव."

क्लॅरिनेट मीच घरून आणली. पळतच गेले आणि पळतच आले. मालकांनी पायरीवर उभं राहून तिचे तुकडे जोडले, आणि बोटं आजही थरथरत होती. पण सूर नाही थरथरला. ते अर्धंच होतं, मधे मधे रिकामं, कुणी तरी एकट्यानंच एका बाजूनं ओझं उचलून चालल्यासारखं. शालूबाई डोळे मिटून, समोर जमिनीवर मांडी घालून ऐकत होत्या. रडल्या नाहीत. मी रडले, दीपमाला रडली, रांगेतले दोन म्हातारे सुभेदार रडले.

संपल्यावर शालूबाईंनी डोळे उघडले.

"आन उरल्यालं कोण कोण वाजवत हुतं? नीट सांग. माझ्या पोरासाठी कोण कोण आलं हुतं ते मला ठावं पायजे."

मालक पायरीवर त्यांच्यापुढं बसले. "वरची चाल कॉर्नेटवर, काकी. कॉर्नेट म्हंजे पितळेची, आखूड, तीन बटनांची. ती वाजवणारा नागालँडचा हुता, आता त्यो बी रिटायर झाला. त्येच्या शेजारी युफोनियम, कवेत धरायचं मोठं पितळेचं, गोधडीत गुंडाळल्यासारखा ऊबदार आवाज असतो त्येचा..." आणि ते एकेक वाद्य आणि एकेक माणूस सांगत गेले, आणि शालूबाई प्रत्येकाला "हां" म्हणत गेल्या.

कुणी घरी गेलं नाही. उन्हं वर आली तसं नाथाजीनं किल्ली परत मालकांच्या खिशात टाकली आणि पंचायतीतल्या सतरंज्या बाहेर आणायला सांगितल्या.